उबुंटूवर (लिनक्स) एनव्हिडियाचं ३०९० ग्राफिक्स कार्ड चालता चालता गायब होतंय: मदत हवी (नाशिक)

रविवारकारंजा | १२ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सवडीने वाचलात तरी चालेल.

माझे वडील नारदीय कीर्तन करायचे. त्यांच्या १४० कॅसेट घरात आहेत. बहुतेक ९० मिनिटांच्या, काही काळाराम मंदिरातल्या चैत्रोत्सवातल्या, बाकी गावोगावच्या. गेल्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर सात-आठ कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली. त्या दिवशीच ठरवलं की हे आता पुढे ढकलायचं नाही. सहा महिन्यांत सगळ्या कॅसेट डिजिटल करून झाल्या. आता त्या लिखित स्वरूपात हव्या आहेत, म्हणजे कुठल्या कीर्तनात कोणतं आख्यान लावलं, कोणता दृष्टांत घेतला हे शोधता येईल.

त्यासाठी व्हिस्पर (बोललेलं ऐकून लिहून काढणारा प्रोग्राम) वापरतेय. त्याचं लार्ज मॉडेल मराठी बऱ्यापैकी ओळखतं, पण त्याला साधारण १० जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डावरची मेमरी) लागते. नुसत्या प्रोसेसरवर एका कॅसेटला अख्खी रात्र जायची. पुढे वडिलांच्या आवाजावर मॉडेलला थोडं शिकवायचंही मनात आहे, म्हणून जास्त मेमरीचं कार्ड बघत होते. नवं परवडेना. शेवटी वापरलेलं आरटीएक्स ३०९० घेतलं, २४ जीबीचं. विकणाऱ्याने अर्धा तास चालवून दाखवलं होतं, तेव्हा सगळं ठीक होतं.

मशीन: रायझन ७ ५७००जी, ३२ जीबी रॅम, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय, उबुंटू २४.०४. कार्डाला दोन ८-पिन जोडण्या आहेत.

अडचणी दोन.

पहिली: ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून डॉट रन फाइल उतरवून टाकला होता. तीन आठवडे चालला. मग अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि काळी स्क्रीन. ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाचा मेनू) जाऊन जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडला की चालू होतं.

दुसरी जास्त त्रासाची: काम सुरू केल्यावर २० ते ४० मिनिटांत स्क्रीन गोठते, कार्डाचे पंखे एकदम पूर्ण जोरात फिरायला लागतात आणि बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं. रात्री कमी होतं, दुपारी हमखास. घरचे म्हणतात विंडोज टाक. मला ते नको आहे, कारण माझी सगळी कामं लिनक्सवर बसलेली आहेत. कुणी मार्ग दाखवेल का?

टर्मिनलवेडा | १२ एप्रिल, रात्री ११.०२

ताई, आधी काळ्या स्क्रीनचं बघू. ते सोपं आहे आणि पूर्ण सुटतं.

डॉट रन फाइलने टाकलेला ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलपुरता बांधला जातो. उबुंटूने तुमचा कर्नल ६.८ वरून ६.११ वर नेला असणार. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग) कुणी बांधलंच नाही, आणि त्याच इन्स्टॉलरने नूवोला, म्हणजे लिनक्समधल्या खुल्या ड्रायव्हरला, आधीच मज्जाव करून ठेवलेला असतो. म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर नाही आणि पर्यायी ड्रायव्हरही नाही. जुन्या कर्नलवर चालतं ते याचमुळे, त्याचं मॉड्यूल अजून जागेवर आहे.

करायचं असं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिनला जा. तीच डॉट रन फाइल ‘--अनइन्स्टॉल’ लावून चालवा. मग एपीटीने (उबुंटूचं पॅकेजं टाकायचं-काढायचं साधन) एनव्हिडिया नावाची जी काही पॅकेजं दिसतील ती पर्ज करा, म्हणजे मुळासकट काढा. रीस्टार्ट. त्यानंतर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. तो तुमच्या कार्डाला योग्य ती आवृत्ती स्वतः निवडतो, आणि पुढे कर्नल बदलला की त्याच्याबरोबर ड्रायव्हरचं मॉड्यूलही येतं.

सिक्युअर बूट (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठेवायला सांगेल. तो कागदावर लिहा. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं तर मॉड्यूलची सही मान्य होत नाही, ड्रायव्हर चढत नाही, आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो. माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींतल्या निम्म्या तरी याच एका स्क्रीनपाशी अडकलेल्या असतात.

आणि कृपा करून दोन पद्धती एकत्र करू नका. एकदा एपीटी म्हटलं की एपीटीच.

गंगापूररोड | १३ एप्रिल, सकाळी ८.२०

मी थोडं वेगळं मत मांडतो. लिनक्सवर राहायचंच होतं तर एएमडी का नाही घेतलं? त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५पासून थेट कर्नलमध्ये आहे, वर ग्राफिक्ससाठी मेसा, तेही खुलं. माझं ७९०० एक्सटीएक्स, तेही २४ जीबीचंच, लावलं त्या दिवसापासून एकही ड्रायव्हर हाताने टाकलेला नाही. २०१२ साली लिनस टोरवाल्ड्सने फिनलंडमधल्या कार्यक्रमात एनव्हिडियाला भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं, ते उगाच नव्हतं.

टर्मिनलवेडा | १३ एप्रिल, सकाळी ९.०५

@गंगापूररोड, नुसता डेस्कटॉप आणि गेम यांसाठी मीसुद्धा एएमडीच सुचवतो. पण ताईंचं काम वेगळं आहे. फास्टर-व्हिस्पर (व्हिस्परचाच वेगवान प्रकार) ज्या इंजिनवर चालतं ते जीपीयूसाठी मुख्यतः कूडावर (एनव्हिडियाची कार्डावर गणितं चालवायची सोय) बेतलेलं आहे. व्हिस्पर डॉट सीपीपी व्हल्कनवर (सगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर चालणारी सोय) चालतं, ते एएमडीवर चांगलं पळेल. पण मॉडेलला शिकवायचं म्हटलं की आरओसीएमच्या (एएमडीची कूडासारखी सोय) वाटेने जावं लागतं, आणि तिथे अधिकृत आधार मोजक्याच घरगुती कार्डांना आहे. तुमचं त्यात आहे, हे तुमचं भाग्य.

आणि २०१२चा एनव्हिडिया आता तसाच राहिलेला नाही. मे २०२२मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ट्युरिंग, म्हणजे २०१८च्या २० मालिकेपासून पुढच्या कार्डांना तो चालतो, आणि ५० मालिकेला तर तोच लागतो, जुना बंद मॉड्यूल तिथे चालतच नाही. वरचा कूडा, ओपनजीएलचा भाग अजून बंदच आहे, हे मान्य.

एएमडीची एक दुखरी बाजूही सांगतो. एचडीएमआय २.१ त्यांच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायला एचडीएमआय फोरमने २०२४मध्ये नकार दिला. टीव्हीला जोडून ४के १२० हर्ट्झ हवं असणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. डिस्प्लेपोर्टवर काही अडचण नाही.

रविवारकारंजा | १३ एप्रिल, दुपारी १२.४०

काळ्या स्क्रीनचा प्रश्न सुटला! निळी स्क्रीन आली तेव्हा छातीत धडधडत होतं, पण कागद हाताशी होता. आता ६.११ कर्नलवर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारा आदेश) व्यवस्थित कार्ड दाखवतंय. टर्मिनलवेडा, मनापासून आभार.

दुसरी अडचण मात्र जशीच्या तशी. आत्ताच २६व्या मिनिटाला पुन्हा गोठलं.

सातपूर_इलेक्ट्रिकल | १३ एप्रिल, दुपारी १.१०

ताई, मी एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो, घरी लिनक्स वापरतो. अंदाजावर जाऊ नका, मशीनने काय लिहून ठेवलंय ते बघा. रीस्टार्ट झाल्यावर लगेच ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. याने आधीच्या, म्हणजे गोठलेल्या फेरीचा कर्नलचा लॉग दिसतो. त्यात ‘एक्सआयडी’ (एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने नोंदवलेली चूक) शब्द शोधा आणि पुढचा आकडा इथे द्या. सगळं त्या आकड्यात असतं.

रविवारकारंजा | १३ एप्रिल, दुपारी १.३५

एक्सआयडी ७९. पुढे लिहिलंय, ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’.

सातपूर_इलेक्ट्रिकल | १३ एप्रिल, दुपारी १.५०

मला हेच वाटत होतं. याचा अर्थ मदरबोर्डाने हाक मारली आणि कार्डाने ओ दिली नाही. व्हिस्परची किंवा तुमच्या प्रोग्रामची चूक असती तर सहसा दुसरे आकडे येतात, १३ किंवा ३१. ७९ला ड्रायव्हरही क्वचित कारण असतो, पण मी आधी वीज बघतो, मग उष्णता, मग स्लॉटमधली बैठक किंवा रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवलं असेल तर जोडणारी).

एक चाचणी करा, खर्च शून्य. ‘एनव्हिडिया-एसएमआय -एलजीसी’ वापरून कार्डाचा वेग १४०० मेगाहर्ट्झवर बांधून टाका आणि तीच कॅसेट लावा. तासभर न गोठता चालली तर विजेच्या उसळीवर माझा संशय पक्का. ३०९०चा अधिकृत आकडा ३५० वॅट आहे, पण तो सरासरीचा. काम बदलताना काही मिलिसेकंदांसाठी ते त्याच्या बरंच वर उडी मारतं, आणि पॉवर सप्लायला ती उडी झेलावी लागते.

आणि कार्डाला पॉवर सप्लायकडून केबल कशा आल्यात, त्याचा फोटो टाका.

मखमलाबादची_बाग | १३ एप्रिल, दुपारी ३.२५

उष्णतेचं मी सांगतो, कारण हेच कार्ड माझ्याकडे तीन वर्षं आहे. द्राक्षबागेचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून नकाशा करतो (ओपनड्रोनमॅप, त्यात जीपीयूचं काम थोडंच, रॅमच जास्त लागते), आणि ब्लेंडरमध्ये रेंडर.

ताई, तुम्ही एनव्हिडिया-एसएमआयमध्ये ६८-७० अंश बघून निर्धास्त असाल. तो आकडा मधल्या चिपचा. ३०९०ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला आहे, आणि ती भट्टीसारखी तापते. त्या मेमरीचं तापमान घरगुती कार्डांवर एनव्हिडिया-एसएमआय दाखवतच नाही, तिथे नुसतं ‘एन/ए’ येतं. कार्ड जुनं, हातबदल झालेलं. आतले थर्मल पॅड (मेमरीची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून कडक झाले असण्याची दाट शक्यता आहे.

माझ्याकडे असंच झालं होतं. पाठीच्या पत्र्यावर बोट दोन सेकंद टेकवता येत नव्हतं. पॅड बदलले तेव्हा जुन्याचा खडूसारखा भुगा हातात आला. बदलताना जाडी तंतोतंत पाहिजे, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी चिपवरचा हीटसिंक नीट बसत नाही. स्वतः पहिल्यांदाच करणार असाल तर नका करू, जाणत्याकडून करून घ्या.

तोवर कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात असेल तर बाहेर काढा. बाहेर ३९ अंश असताना लाकडी कप्प्यात ३५० वॅटची शेगडी ठेवण्यासारखं आहे ते. आणि वॅटची मर्यादा घाला: ‘एनव्हिडिया-एसएमआय -पीएल २८०’, पुढे सुडो हवं. माझा एक रेंडर आधी ७ मिनिटांत व्हायचा, २८० वॅटवर ७ मिनिटं २० सेकंद लागतात. वीस सेकंदांत ७० वॅट वाचत असतील तर मला तो सौदा केव्हाही मान्य आहे.

रविवारकारंजा | १३ एप्रिल, रात्री ९.३०

१४०० मेगाहर्ट्झवर बांधून सव्वा तास चाललं! एकदाही गोठलं नाही. कॅसेट क्रमांक ३१ पूर्ण झाली.

आता केबलचा फोटो काढायला गेले आणि मला स्वतःलाच दिसलं. पॉवर सप्लायमधून एकच केबल निघालीय. ती कार्डाच्या पहिल्या ८-पिनला जाते, आणि तिथूनच हातभर लांबीची शेपटी फुटून दुसऱ्या ८-पिनला गेलीय. म्हणजे दोन्ही तोंडं एकाच केबलवर. ज्या दुकानात मशीन जुळवून घेतलं त्यांनी तसंच लावून दिलं होतं. पहिल्या जोडणीचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात किंचित पिवळट झालंय, नाक जवळ नेलं तर वासही येतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सातपूर_इलेक्ट्रिकल | १३ एप्रिल, रात्री ९.४८

ताई, आधी मशीन बंद करा आणि प्लग काढून ठेवा. मग वाचा.

केबलचं: एका ८-पिन जोडणीची ठरलेली मर्यादा १५० वॅट, स्लॉटमधून ७५. तुमच्याकडे दोन जोडण्यांचा सगळा भार, म्हणजे जवळजवळ ३०० वॅट, पॉवर सप्लायच्या एकाच तोंडातून आणि एकाच केबलमधून जातोय. केबल तापते, टोकाला व्होल्टेज पडतं, उसळी आली की कार्ड मान टाकतं. दुपारी जास्त होतं कारण तेव्हा सगळंच आधी तापलेलं असतं. उपाय, पॉवर सप्लायच्या दोन वेगवेगळ्या तोंडांतून दोन वेगळ्या केबल आणा. पण केबल त्याच पॉवर सप्लायच्या मॉडेलची हवी. दुसऱ्या कंपनीची बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि कार्ड एका सेकंदात जळतं. पिवळी पडलेली केबल पुन्हा वापरू नका.

मुंग्यांचं: संबंध एक्सआयडी ७९शी थेट नाही, पण त्याहून गंभीर आहे. तुमच्या प्लगला अर्थिंग मिळत नाहीये. पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा प्रवाह पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नाही म्हटल्यावर पत्रा तसाच भारलेला राहतो. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनचं भोक असतं, पण मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटरवर दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे. मीटर स्वतः लावू नका.

देवळालीकर | १४ एप्रिल, सकाळी ७.५५

यूपीएसचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तेवढं तर हे एकटं कार्डच खातं. लाइट गेली की यूपीएस बीप करून सरळ बंद पडणार, आणि मध्येच बंद पडलेल्या मशीनची डिस्क बिघडली की कॅसेटींची मेहनत वाया. निदान १५०० व्हीए घ्या. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका, आताचे चांगले पॉवर सप्लाय तसली वीज घेताना कुरकुरतात. प्युअर साइन वेव्ह हवी.

आणि डिजिटल केलेल्या फायलींची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. हे ग्राफिक्स कार्डाचं नाही, पण तुमच्या वडिलांच्या आवाजाचं आहे.

टर्मिनलवेडा | १४ एप्रिल, सकाळी १०.३०

दोन छोट्या गोष्टी.

५७००जीमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. मॉनिटर मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावा आणि बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवा. पूर्ण २४ जीबी मॉडेलला मोकळी मिळते, आणि उद्या एनव्हिडियाचा ड्रायव्हर बिघडला तरी स्क्रीन शाबूत राहते. वेलँडवर (लिनक्सची स्क्रीन दाखवायची नवी पद्धत) खिडक्या लुकलुकण्याची जी तक्रार असायची (२०२४मधल्या ५५५ आवृत्तीपासून ती बरीच गेली), तीही आपसूक टळते.

दुसरं, -पीएलने घातलेली मर्यादा रीस्टार्टनंतर पुसली जाते. सिस्टिमडीची एक छोटी सर्व्हिस लिहून ठेवा, वनशॉट प्रकारची, सुरू होताना तो एक आदेश चालवणारी. पाच-सहा ओळींची फाइल आहे, अडलं तर इथेच विचारा.

रविवारकारंजा | १९ एप्रिल, रात्री १०.५०

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

इलेक्ट्रिशियन मंगळवारी आले. बोर्ड उघडला तर सातपूर_इलेक्ट्रिकल म्हणाले तेच. तिसऱ्या पिनच्या स्क्रूला वायरच नव्हती, कोळ्याचं जाळं होतं. नवीन अर्थिंग ओढून घेतलं, जाड वायरचा स्वतंत्र बोर्ड बसवला. न्यूट्रल-अर्थ आता १.२ व्होल्ट. पत्र्याला हात लावते, काही होत नाही.

पॉवर सप्लायच्या खोक्यात तळाशी दुसरी केबल न उघडलेल्या पिशवीत पडून होती! तीन वर्षं ती तिथेच होती. पिवळी पडलेली केबल काढून टाकली, तिच्या जागी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची मागवली. आता दोन तोंडं, दोन केबल. कॅबिनेट कप्प्यातून काढून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलंय, मॉनिटर मदरबोर्डाला लावलाय. २८० वॅटची सर्व्हिस लिहिली, दुसऱ्या प्रयत्नात चालली. थर्मल पॅडचं काम पुढच्या आठवड्यात एका जाणत्या माणसाकडे दिलंय.

गुरुवारी दुपारी दोनला लावलं, तेव्हापासून सलग दोन दिवस चालू आहे. वेगाचं बंधन काढलेलं आहे. लॉगमध्ये एक्सआयडीचा एकही शब्द नाही. एकूण एकेचाळीस कॅसेट झाल्या.

व्हिस्परच्या चुका आहेतच. पूर्वरंग संपून टाळ-पेटी सुरू झाली की ते गोंधळतं आणि शेवटचं वाक्य पंधरा-वीस वेळा लिहीत बसतं. शांततेचे आणि नुसत्या वाद्यांचे तुकडे आधी वेगळे काढले की बरंच सुधारतं. संस्कृत श्लोक मात्र हातानेच टाइप करावे लागणार.

३८व्या कॅसेटच्या सुरुवातीला वडील कुणाला तरी विचारतात, ‘मागे ऐकू येतंय ना? बायकांच्या बाजूला?’ ते वाक्य त्याने एकाही चुकीशिवाय लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, प्रत्येक कीर्तनाच्या आधी विचारायचे ते.

मखमलाबादची_बाग | १९ एप्रिल, रात्री ११.१२

ताई, पॅड बदलून झाले की जाडी किती निघाली ते इथे नक्की लिहा, पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंची. आणि कार्डाची कंपनी कोणती तेही. माझ्याकडचं एक कार्ड पुतण्याला द्यायचंय, त्यालाही लागेल.

रविवारकारंजा | १९ एप्रिल, रात्री ११.२०

हो, मापं घेऊनच येईन. ४२वी लावलीय आत्ता, त्र्यंबकेश्वरची आहे.